विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये काय चाललंय ते कळण्यासाठी: यादीपासून पहिल्या सहा तासांपर्यंत

बहुतेक विद्यापीठांत नेटवर्कच्या सुरक्षेवर लक्ष ठेवण्याच्या कामाची सुरुवात खरेदीपासून होते. निधी येतो, निविदा निघते, सगळे लॉग (यंत्रणांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी) एका जागी आणणारी महागडी प्रणाली बसते आणि संगणक केंद्रात मोठा पडदा लागतो. सहा महिन्यांनी परीक्षा विभागातला एखादा संगणक बाहेरच्या सर्व्हरशी बोलताना दिसतो. तो कुठल्या खोलीत आहे, त्यावर त्या वेळी कोण बसलं होतं आणि तो बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. चूक उपकरणाची नसते, कामाच्या क्रमाची असते.

पुढचा क्रम महाराष्ट्रातलं मध्यम आकाराचं विद्यापीठ किंवा मोठं स्वायत्त महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. आयटी सेलमध्ये तीन-चार माणसं, ईआरपी (प्रवेश, गुण, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बाहेरच्या कंपनीचं, ईमेल गूगलवर किंवा मायक्रोसॉफ्टवर, इंटरनेट एनकेएन या शिक्षणसंस्थांसाठीच्या सरकारी नेटवर्कचं आणि जोडीला एखाद्या खासगी कंपनीचं. टप्पे ओलांडून पुढे जाऊ नका. काही टप्प्यांच्या शेवटी एक तपासणी आहे, तिथं ती जमल्याशिवाय पुढचा टप्पा हाती घेऊ नका.

सुरुवातीआधी: तीन कागद

पहिला कागद म्हणजे कुलसचिवांच्या सहीचं परिपत्रक. कुठलाही संगणक, सर्व्हर किंवा खातं तातडीनं नेटवर्कपासून तोडण्याचा अधिकार आयटी सेलच्या अमुक पदावरच्या व्यक्तीला आहे आणि ती गैरहजर असेल तर अमुक पदाला आहे, हे त्यात स्पष्ट हवं. पद लिहा, नाव लिहू नका. माणसांच्या बदल्या होतात. परीक्षा विभागाच्या यंत्रणेसाठी वेगळा परिच्छेद लागतो, कारण प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवायच्या दिवशी सकाळी सर्व्हर तोडणं हा तांत्रिक निर्णय राहत नाही. त्या दिवशी परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना फोन कुणी करायचा आणि त्यांचा फोन लागला नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवा.

दुसरा कागद फोन नंबरांचा: ईआरपी कंपनी, फायरवॉलची (नेटवर्कच्या दारावर ये-जा तपासणाऱ्या उपकरणाची) एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल घेणारा, इंटरनेट पुरवठादार, इलेक्ट्रिशियन, सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्याकडे असते तो शिपाई. हा कागद छापून भिंतीवर लावा. ईमेल आणि शेअर ड्राइव्ह बंद पडले असतील त्याच दिवशी तो लागणार आहे.

तिसरा कागद कंत्राटांचा. ईआरपीच्या करारात लॉग कुणाचे, ते किती दिवस ठेवायचे आणि मागितल्यावर किती तासांत द्यायचे, हे लिहिलेलं आहे का ते वाचा. बहुतेक जुन्या करारांत हे नसतं. नूतनीकरणाच्या वेळी ते घाला. तोवर निदान पत्र पाठवून मागणी नोंदवून ठेवा.

टप्पा १: नेटवर्कवर खरंच काय आहे, त्याची यादी

डेडस्टॉक रजिस्टरवर विसंबू नका. रजिस्टरमध्ये असलेले निम्मे संगणक निर्लेखित होऊन पडलेले असतात आणि नेटवर्कवर असलेली कितीतरी उपकरणं रजिस्टरमध्ये नसतातच. यादी तीन बाजूंनी करा: डीएचसीपी सर्व्हरनं (जोडलेल्या उपकरणांना आतले पत्ते वाटणाऱ्या) मागच्या महिनाभरात कुणाकुणाला पत्ते दिले, कोअर स्विचच्या (सगळं नेटवर्क जोडणाऱ्या मुख्य पेटीच्या) तक्त्यात कुठले मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाची नेटवर्कवरची ओळख) दिसतात आणि बाहेरून पाहिल्यावर विद्यापीठाच्या सार्वजनिक आयपींवर (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्यांवर) कुठले पोर्ट (त्या पत्त्यांवरची क्रमांकित दारं) उघडे दिसतात. तिन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहा. जे एकीत आहे आणि दुसरीत नाही, तिथंच काम आहे.

हमखास सापडणारी मंडळी: एखाद्या विभागात टेबलाखाली चालू असलेला प्रकल्पाचा सर्व्हर, ज्याचा संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन कधीच निघून गेला, सीसीटीव्हीचं रेकॉर्डर, बाहेरून बघता यावं म्हणून ठेकेदारानं थेट इंटरनेटवर उघडलेलं, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, ग्रंथालयाच्या कोहा या सॉफ्टवेअरचा जुना सर्व्हर, आणि एखाद्या परिषदेसाठी केलेलं, वर्षानुवर्षं अपडेट न झालेलं संकेतस्थळ. शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्या. विद्यापीठाच्या नावाखालच्या अशा सोडून दिलेल्या संकेतस्थळांवर जुगाराच्या जाहिरातींची पानं टाकणं हा हल्लेखोरांचा रोजचा धंदा आहे.

यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर चारच रकाने ठेवा: ठिकाण, जबाबदार पद, त्यावर कुठली माहिती आहे आणि ती बंद पडली तर कुणाचं काम थांबतं. याच रकान्यांवरून महत्त्व ठरतं. खात्यांची यंत्रणा, परीक्षा आणि गुण, विद्यार्थ्यांच्या नोंदी, वित्त विभाग, हे आधी. प्रयोगशाळेतले पीसी नंतर.

याच वेळी नेटवर्कची विभागणीही तपासा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कूटबद्ध होऊन लॉक झाला. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, हे त्याचं कारण संसदेत सांगितलं गेलं. वसतिगृहाच्या वायफायवरून परीक्षा विभागाच्या सर्व्हरचं लॉगिन पान उघडत असेल, तर लॉगचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते बंद करा.

*तपासणी:* डोळे मिटून यादीतली कुठलीही पाच उपकरणं निवडा. त्यांच्यापाशी प्रत्यक्ष जाऊन उभं राहता आलं पाहिजे.

टप्पा २: घड्याळं जुळवणं

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी राहून गेलेलं असतं. फायरवॉल चार मिनिटं पुढे, डीएचसीपी सर्व्हर दोन मिनिटं मागे, असं असलं की पुढची सगळी जोडणी चुकते आणि भलत्याच विद्यार्थ्याच्या नावावर बोट जातं.

आत एक किंवा दोन वेळ-सर्व्हर ठेवा. ते एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ-सर्व्हरशी जुळवा आणि बाकी सगळी उपकरणं आतल्या सर्व्हरशी. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हीच अपेक्षा आहे. स्विच, वायफाय कंट्रोलर, सीसीटीव्ही रेकॉर्डर आणि बायोमेट्रिक यंत्रं विसरू नका. खोलीत कोण होतं हे शेवटी त्यांच्यावरूनच कळतं.

*सावधान:* लॉगमधली वेळ भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे प्रत्येक स्रोतासमोर लिहून ठेवा. क्लाउडवरच्या सेवा बहुधा यूटीसी देतात, फायरवॉल बहुधा भारतीय वेळ. साडेपाच तासांच्या या फरकामुळे रात्री साडेअकराचं लॉगिन संध्याकाळी सहाचं वाटतं आणि संशयास्पद गोष्ट कार्यालयीन वेळेतली वाटून सुटून जाते.

टप्पा ३: पत्त्यापासून माणसापर्यंत

या लेखातला सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. विद्यापीठात हजारो मोबाइल आणि लॅपटॉप मोजक्या सार्वजनिक आयपींमागे असतात. बाहेरून तक्रार येते ती सार्वजनिक आयपीची. तिथून आतल्या माणसापर्यंत जाणारी साखळी एका कडीवर तुटली तरी बाकीचे लॉग असून नसल्यासारखे.

एक तक्रार पावला-पावलानं पाहू. कळवलं गेलं की तुमच्या अमुक आयपीवरून, ५१८२२ या पोर्टवरून, ०९:४२:१७ यूटीसीला बाहेरच्या एका सर्व्हरवर पासवर्ड ओळखण्याचा मारा झाला.

१. वेळ बदला: भारतीय वेळ १५:१२:१७.

२. फायरवॉलच्या नॅट लॉगमध्ये (आतला पत्ता सार्वजनिक आयपीशी कसा जोडला त्या नोंदींत) त्या क्षणी ५१८२२ हा पोर्ट आतल्या कुठल्या पत्त्याला दिला होता ते शोधा. समजा १०.२०.१४.७३ मिळाला.

३. डीएचसीपी लॉगमध्ये हा पत्ता १५:१२ वाजता कुणाकडे होता ते पाहा. आत्ता कुणाकडे आहे हे पाहू नका. इथं सर्रास चूक होते: लोक घाईनं चालू तक्ता उघडतात आणि तोवर पत्ता दुसऱ्याच मोबाइलला गेलेला असतो. डीएचसीपीमधून मॅक पत्ता मिळेल.

४. वायफाय असेल तर रेडियसच्या (वायफायचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) नोंदींत तो मॅक कुठल्या खात्यानं, कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरून, किती ते किती जोडलेला होता ते पाहा. तार असेल तर स्विचचा पोर्ट, आणि पोर्टवरून खोली.

ही साखळी बहुतेक वेळा चार ठिकाणी तुटते.

फायरवॉलवर नॅटची नोंदच होत नसते. अनेक फायरवॉलमध्ये प्रत्येक नियमावर लॉगची खूण वेगळी करावी लागते, आणि लहान मॉडेलमध्ये नोंदी स्मृतीत राहून रीबूटबरोबर पुसल्या जातात. नियम एकेक उघडून बघा.

तक्रारीत सोर्स पोर्ट (वरच्या उदाहरणातला ५१८२२) नसतो. पोर्ट आणि अचूक वेळ नसेल तर उत्तरादाखल दोन्ही मागा. अंदाजानं कुणाचं नाव देऊ नका.

मोबाइल खरा मॅक पत्ता देत नाहीत. आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, कृत्रिम मॅक दाखवतात. मॅकवरून माणूस ओळखायची पद्धत त्यामुळे मोडीत निघाली आहे. वायफायला प्रत्येकाचं स्वतःचं खातं हवं. एज्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) चालवत असाल तर तीच पद्धत आतल्या नेटवर्कलाही लावा.

आणि सामायिक लॉगिन. प्रयोगशाळेत सगळ्यांना एकच पासवर्ड, किंवा परीक्षा विभागात निकालाच्या घाईत तिघांनी वापरलेलं एकच खातं. हा प्रश्न कुठलंही सॉफ्टवेअर सोडवत नाही. तो विभागप्रमुखांशी बसून, प्रत्येकाला खातं देऊन आणि जुनं खातं खरोखर बंद करूनच सुटतो. थोडा विरोध होईल. पण ज्या कारकुनानं काही केलेलं नाही त्याचा बचावही याच वेगळ्या खात्यानं होतो, हे सांगितलं की लोक ऐकतात.

*तपासणी:* सहकाऱ्याला स्वतःच्या फोनवरून एक ठरलेलं पान उघडायला सांगा. फक्त सार्वजनिक आयपी, पोर्ट आणि वेळ हातात घेऊन एका तासात त्याच्या नावापर्यंत पोहोचा. जमलं नाही तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: लॉग एका जागी आणणं

आता संकलन. वाझू किंवा ग्रेलॉगसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालींवर सुरुवात करता येते. एका वेळी एकच स्रोत जोडा, आणि तो नीट वाचता येतोय हे पाहूनच पुढचा घ्या. क्रम असा ठेवा: खात्यांची यंत्रणा आणि ईमेलची लॉगिनं, मग फायरवॉल, डीएचसीपी आणि रेडियस, मग परीक्षा व ईआरपी, मग बाहेरून दिसणारे वेब सर्व्हर, मग डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), आणि शेवटी बाकीचे सर्व्हर. विभागांतले पीसी सगळ्यात शेवटी.

ईआरपीपाशी थोडं थांबा. सर्व्हर कोण उघडतो याची नोंद पुरेशी नाही. कुठल्या खात्यानं कुठल्या बैठक क्रमांकाचा कुठला गुण बदलला, आधी किती होता, नंतर किती झाला, ही नोंद हवी. कंपनी म्हणेल की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. मग विचारा: डेटाबेसमध्ये थेट जाऊन केलेला बदल त्यात उमटतो का? बहुधा नाही. डेटाबेसची स्वतःची तपासनोंद चालू करून घ्या आणि कंपनीच्या अभियंत्यांना सामायिक खातं न देता प्रत्येकी वेगळं द्या, तेही गरजेपुरतंच चालू. विद्यार्थ्याचं वर्ष ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो कुणी बदलला हे न कळणं मला यातल्या कुठल्याही व्हायरसपेक्षा गंभीर वाटतं.

वेब सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (येणारी गर्दी अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या उपकरणामागे) असतील तर त्यांच्या लॉगमध्ये प्रत्येक भेट लोड बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेली दिसते. मूळ पत्ता पुढे पाठवण्याची सोय चालू करा, नाहीतर निकालाच्या दिवशी हल्ला आणि गर्दी यांतला फरक कळणार नाही.

जागेचा हिशेब आधी करा. सेकंदाला १,००० नोंदी, प्रत्येकी ५०० बाइट, म्हणजे दिवसाला ४३ जीबी आणि १८० दिवसांत पावणेआठ टीबी, तेही न दाबता (कॉम्प्रेस न करता). शेवटच्या ३० दिवसांचे लॉग झटकन शोधता येतील असे ठेवा, बाकीचे दाबून स्वस्त डिस्कवर.

१८० दिवस हा आकडा सर्ट-इनच्या त्याच निर्देशांतला आहे, आणि लॉग भारतात ठेवायचे आहेत. आपण निर्देशांच्या कक्षेत येतो की नाही यावर फायली फिरवत बसू नका, पाळा. त्याचा उपयोग कागदापुरता नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २३ डिसेंबर २०१९ रोजी २६७ विंडोज सर्व्हर लॉक झाले. हल्लेखोर मात्र ऑक्टोबरच्या मध्यातच एका फिशिंग (फसव्या) मेलमधून आत आलेला होता. महिनाभराचेच लॉग ठेवले तर अशा वेळी घरात शिरायची वाट दिसतच नाही. ईमेल सेवेतल्या लॉगिनच्या नोंदीही ठरावीक काळानंतर पुसल्या जातात, त्या नियमित उतरवून घ्या.

*सावधान:* लॉगचा सर्व्हर विद्यापीठाच्या नेहमीच्या डोमेनमध्ये (एकाच प्रशासकाखालच्या खात्यांच्या आणि संगणकांच्या गटात) ठेवू नका. ज्याला डोमेनच्या प्रशासकाचा पासवर्ड मिळेल तो पहिल्यांदा लॉगच पुसेल. वेगळी खाती, वेगळं नेटवर्क आणि एक प्रत अशी, जी कुणालाही बदलता येत नाही.

आणखी एक. हे लॉग म्हणजे हजारो मुलामुलींच्या हालचालींची नोंद आहे. ते कोण पाहू शकतो, कुणाच्या लेखी मागणीवर, हे परिपत्रकात घाला. एखाद्या प्राध्यापकानं किंवा वसतिगृह अधीक्षकानं तोंडी विचारलं म्हणून कुणाच्या फोनची माहिती देऊ नका.

टप्पा ५: मोजक्याच सूचना

प्रणालीबरोबर शेकडो तयार नियम येतात. सगळे चालू केले की पहिल्याच आठवड्यात रोज हजारो सूचना येतात आणि दुसऱ्या आठवड्यात त्या कुणी वाचत नाही. सुरुवात पुढच्या सूचनांनी करा.

- प्रशासकाच्या गटात नवं खातं आलं (विंडोजच्या लॉगमध्ये घटना क्रमांक ४७२८ आणि ४७३२).
- सुरक्षा लॉग पुसला गेला (११०२). याला कधीही दुर्लक्षू नका.
- एकाच पत्त्यावरून अनेक खात्यांवर फसलेली लॉगिनं (४६२५) आणि पाठोपाठ एक यशस्वी (४६२४).
- ईमेल खात्यात देशाबाहेरून लॉगिन, किंवा सगळा मेल बाहेर वळवण्याचा नवा नियम.
- परीक्षा किंवा ईआरपीच्या डेटाबेसमध्ये कामाच्या वेळेबाहेर थेट बदल.
- अँटीव्हायरस एखाद्या सर्व्हरवर बंद पडला.
- एखाद्या स्रोताकडून तासभर एकही नोंद आली नाही.

शेवटची सूचना बहुतेक जण लावत नाहीत. डिस्क भरली, प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा वीज गेल्यावर सेवा पुन्हा सुरू झाली नाही, की लॉग येणं थांबतं आणि पडदा शांत दिसतो. त्या शांततेला सगळं ठीक आहे असं समजू नका.

प्रत्येक सूचनेसमोर दोन ओळी लिहा: आधी काय तपासायचं आणि ती खोटी निघण्याचं नेहमीचं कारण काय. प्रवेशाच्या आणि निकालाच्या दिवसांत फसलेल्या लॉगिनांचा आकडा एरवीच्या कितीतरी पट जातो. त्या काळाच्या मर्यादा वेगळ्या ठेवा, पण सूचना बंद करू नका.

*तपासणी:* चाचणीचं खातं प्रशासक गटात घाला. १५ मिनिटांत कुणाचा फोन वाजला? शनिवारी रात्रीही करून पाहा.

टप्पा ६: पहिले सहा तास

सर्ट-इनला कळवण्याची मुदत सहा तासांची आहे. ती घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून मोजतात, चौकशी संपल्यापासून नाही. म्हणून क्रम असा:

१. वेळ लिहा. कागदावर. कुणी, किती वाजता, काय पाहिलं. पुढची प्रत्येक कृती याच कागदावर नोंदवा.

२. तोडा, बंद करू नका. नेटवर्कची तार काढा किंवा स्विचचा पोर्ट बंद करा. संगणक चालू राहू द्या. बंद केला की स्मृतीतला पुरावा जातो.

३. फॉरमॅट मारू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि चांगल्या हेतूनं होते: विभागाचं काम अडलंय, म्हणून तंत्रज्ञ पीसी लगेच नव्यानं तयार करून देतो. विभागाला दुसरा संगणक द्या. त्यासाठी दोन-तीन पीसी तयार ठेवलेले असावेत. बाधित डिस्कची प्रत काढून मूळ डिस्क सीलबंद ठेवा.

४. पसरलंय का ते पाहा. तोच बाहेरचा पत्ता, तीच फाइल, तेच खातं आणखी कुठे दिसतं का? लॉग एका जागी आणले ते या अर्ध्या तासासाठी.

५. खाती आवरा. पासवर्ड बदलणं पुरत नाही. चालू असलेली सत्रं तोडा, मेल वळवण्याचे नियम आणि जोडलेली अ‍ॅप काढा. आधी नेटवर्कची वाट बंद करा, मग पासवर्ड. उलट केलं तर नवा पासवर्डही हल्लेखोराच्या हाती जातो.

६. बॅकअप अलग करा. जोडलेली बॅकअप डिस्क तपासाआधी सोडवून ठेवा.

७. कळवा. चौथ्या तासापर्यंत जे माहीत आहे तेवढ्यावर सर्ट-इनचा अर्ज भरून पाठवा, बाकी नंतर पुरवता येतं. अर्जातलं विद्यापीठाचं नाव, पत्ता, संपर्काचं पद हे आधीच भरून ठेवा. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती गेली असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधली डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधितांना कळवण्याची तरतूद विधी विभागासमोर त्याच दिवशी ठेवा.

*सावधान:* या काळातलं बोलणं विद्यापीठाच्या ईमेलवर करू नका. हल्लेखोर तो वाचत असू शकतो. फोन किंवा बाहेरचा ठरलेला गट वापरा. पत्रकारांशी एकाच पदानं बोलावं. “काहीही झालेलं नाही” असं तपासाआधी कुणी बोलून गेलं, तर दोन दिवसांनी ते मागं घेताना विद्यार्थ्यांचा विश्वास जातो.

टप्पा ७: सराव आणि देखभाल

सत्र सुरू होण्याआधी एकदा, म्हणजे वर्षातून दोनदा, टेबलाभोवती बसून सराव करा. कुलसचिव, परीक्षा विभाग, वित्त विभाग, जनसंपर्क, ईआरपी कंपनीचा माणूस, सगळे हवेत. प्रसंग खरा वाटेल असा घ्या: उद्या सकाळी पेपर आहे, आज रात्री दहा वाजता प्रश्नपत्रिका पाठवणाऱ्या सर्व्हरवर अनोळखी प्रशासक खातं दिसलं. सर्व्हर तोडायचा का? निर्णय कुणाचा? महाविद्यालयांना कसं कळवायचं? जिथं लोक एकमेकांकडे बघायला लागतील, ती जागा परिपत्रकात दुरुस्त करा.

महिन्याला एकदा टप्पा ३ ची साखळी नव्या फोनवरून तपासा, यादी डीएचसीपीशी पुन्हा ताडून पाहा आणि जुन्या दाबलेल्या लॉगमधला एक दिवस खरोखर उघडून वाचा. सेवानिवृत्त किंवा बदली झालेल्यांची यादी आस्थापना विभागाकडून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मागवा आणि त्यांची खाती त्याच दिवशी बंद करा. कंत्राटी कर्मचाऱ्यांची नावं त्या यादीत बहुधा नसतात, ती संबंधित विभागाकडून वेगळी मागवावी लागतात.